उभ्या मोटारींतील वीज कोठें जाते?

बैलगाडी सोडून अंगणांत उभी केली म्हणजे तिला कांहीं घालावें लागत नाहीं. टांग्याच्या घोड्याची गोष्ट निराळी. टांगा जोडलेला असो वा नसो, तबेल्यांतला घोडा वेळेवर दाणावैरण मागतोच. पेट्रोलची मोटार या बाबतींत पुष्कळशी बैलगाडीसारखी होती; नव्या युगाची विजेची मोटार मात्र थोडीशी घोड्यासारखी आहे. उभी असतांनाही ती कांहींना कांहीं खातच असते. हें ज्यांस ठाऊक नसतें त्यांस प्रथम आश्चर्य वाटतें, मग संशय येतो, आणि शेवटीं "हीं नवीं यंत्रें भरंवशाचीं नव्हेत" असा निकाल घरांतील वडील मंडळी देऊन मोकळी होतात. हा निकाल बरोबर आहे कीं नाहीं, याचा शांतपणें विचार करावा म्हणून आजचा हा लेख आम्ही लिहीत आहों.

गेल्या पांच-सहा वर्षांत आपल्या महाराष्ट्रांत विजेच्या मोटारी झपाट्यानें वाढल्या. जानेवारी २०२० मध्यें टाटांची नेक्सॉन ही मोटार विजेच्या रूपांत आली. पुढें महिंद्र व इतर कारखानदारांच्या मोटारी आल्या. रांजणगांव व चाकण हीं नांवें त्यामुळें मोटारींच्या बाबतींत घरोघरीं माहीत झालीं. २०२५ सालच्या सरकारी धोरणानें मुंबई-पुणें द्रुतगति मार्ग, समृद्धि महामार्ग व अटल सेतु यांवर अशा मोटारींना टोलमाफी जाहीर केली, तेव्हां तर मध्यमस्थितींतील घरांतही "आतां घ्यावयाची तर विजेचीच" असें बोलणें सुरू झालें. मोटार आली, आणि तिच्याबरोबर एक प्रश्नही आला. रात्रीं ८० टक्के दिसत होते, सकाळीं ७८ कसे झाले? आम्ही तर कोठें गेलोंही नाहीं!

दोन बॅटऱ्या

या प्रश्नाचें उत्तर समजण्यापूर्वीं एक गोष्ट ध्यानांत घ्यावी लागेल. विजेच्या मोटारींत एक नव्हे, दोन बॅटऱ्या असतात. पुष्कळ मालकांनाही हें ठाऊक नसतें.

पहिली बॅटरी थोरली. ती मोटारीच्या तळाशीं पसरलेली असते. तिचा दाब बहुधा तीनशें ते चारशें व्होल्ट असतो, आणि चाकें फिरविण्याचें काम तिचें. ही लिथियमच्या जातीची. स्टॅन्ली व्हिटिंगहॅम, जॉन गुडइनफ आणि अकिरा योशिनो यांच्या संशोधनांतून ही विद्या सिद्ध झाली. १९९१ सालीं सोनी कंपनीनें असली बॅटरी प्रथम बाजारांत आणिली, आणि २०१९ सालीं त्या तिघांस रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें.

दुसरी बॅटरी धाकटी, बारा व्होल्टांची. पेट्रोलच्या मोटारींत असते तशीच. पुष्कळ मोटारींत ती अजूनही शिसें व गंधकाम्ल यांचीच असते, म्हणजे गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञानें १८५९ सालीं सिद्ध केलेल्या घटाची ती थेट वंशज होय. कांहीं नव्या मोटारींत तिच्या जागीं लहानशी लिथियमची बॅटरी बसवूं लागले आहेत.

एवढी थोरली बॅटरी असतां या धाकटीचें प्रयोजन काय, असें कोणी विचारील. प्रयोजन मोठें आहे. थोरल्या बॅटरींतून वीज बाहेर येण्याच्या वाटेवर विजेचे दरवाजे असतात. मोटार बंद केली कीं सुरक्षिततेसाठीं ते मिटतात. ते पुन्हां उघडण्याची शक्ति धाकटी बॅटरी पुरविते. दारांचीं कुलुपें, दिवे, पुढील पडदा आणि मोटारींतील सगळे लहानमोठे संगणक हेही तिच्यावरच जगतात. म्हणून धाकटी बॅटरी मेली तर थोरलींत सत्तर टक्के वीज असूनही मोटार हलत नाहीं. कोठींत शंभर मण भात आहे, परंतु कोठीची किल्ली सांपडत नाहीं, अशांतला तो प्रकार.

या दोघींच्या आकारांतील अंतरही पाहण्यासारखें आहे. २०२० सालच्या नेक्सॉनची थोरली बॅटरी ३०.२ युनिटांची होती. युनिट म्हणजे आपल्या घरच्या वीजबिलावर असतें तेंच. धाकटी बॅटरी ४५ अँपिअर-तासांची धरली तर तिच्यांत अर्ध्या युनिटाहून किंचित् अधिक वीज मावते. म्हणजे थोरलीच्या पन्नासाव्या हिश्शाहून ती लहान! उभ्या मोटारीचा विचार करतांना सर्वांचें लक्ष थोरलीच्या टक्क्यांकडे असतें; घात मात्र बहुतेक वेळां धाकटीकडून होतो.

रांजणांतील पाणी

रात्रीं माजघरांतला रांजण भरून ठेवावा आणि सकाळीं पाणी खालीं गेलेलें दिसावें, याचीं तीन कारणें असूं शकतात. रांजण पाझरला असेल; कोणी रात्रीं उठून पाणी घेतलें असेल; किंवा मापण्यांत कांहीं फरक झाला असेल. बॅटरीचेंही तसेंच आहे.

पाझर म्हणजे बॅटरीच्या आंतील रसायनांमुळें आपोआप होणारी घट. लिथियमच्या बॅटरींत ती फारच थोडी असते. साध्या हवेंत महिन्याला एक ते तीन टक्के, उष्णतेंत कांहींशी अधिक. तीस युनिटांच्या बॅटरीला हा हिशेब महिन्याकाठीं एक युनिटही होत नाहीं. शिशाच्या बॅटरीचा पाझर याहून मोठा. तेव्हां एखाद्या मोटारीची बॅटरी तीन रात्रींत पांच टक्के उतरली तर तो पाझर नव्हे. कोणी तरी पाणी उपसतें आहे असेंच समजावें.

हा उपसा कोण करतें? मोटार आपल्याला झोंपलेली दिसते, परंतु ती गाढ झोंपेंत नसते. किल्ली जवळ आली कीं दार उघडावें म्हणून एक यंत्र कान टवकारून असतें. मालकाच्या मोबाईलवरून हुकूम आला तर तो ऐकावा म्हणून दुसरें यंत्र दूरध्वनीच्या लहरींशीं संबंध राखून असतें. बॅटरीचें तपमान व तिच्यांतील घटांचा समतोल पाहणारें तिसरें यंत्र अधूनमधून उठून पाहणी करतें. ज्या मोटारींना कारखान्याकडून दूरस्थ सुधारणा येतात त्यांचीं यंत्रें त्या वेळीं तासभर जागीं राहतात. आपल्या देवघरांत नंदादीप असतो. घरचीं माणसें निजलीं म्हणून त्याला तेल लागावयाचें राहत नाहीं. त्याचप्रमाणें हें आहे.

याचें मान किती? टेस्ला कंपनीच्या मार्गदर्शक पुस्तिकांतून, न जोडतां उभी ठेविलेली मोटार दिवसाला सरासरी सुमारें एक टक्का वीज गमावते, व चौदा दिवस ठेवावयाची झाल्यास चौदा टक्के धरून चालावें, असें सांगितलेलें आढळतें. पुष्कळ मोटारी याहून कमी घेतात. तीस युनिटांच्या बॅटरीला दिवसाचा एक टक्का म्हणजे तीन-दशांश युनिट. म्हणजे साडेबारा वॉटांचा एक दिवा अहोरात्र जळत ठेवल्यासारखें झालें. पंधरवड्याचीं चार-साडेचार युनिटें होतात. पैशाच्या दृष्टीनें ही कांहीं मोठी हानि नव्हे. घरांतील इंटरनेटची पेटी अहोरात्र सुमारें तितकीच वीज घेते, आणि तिच्याविषयीं आपण कधीं चौकशी करीत नाहीं.

परंतु या नंदादीपाखेरीज आपण स्वतः नेमलेले कांहीं नोकर असतात. त्यांची भूक मोठी. टेस्लाच्या मोटारींत २०१९ सालापासून पहारेकरी नांवाची सोय आहे. उभ्या मोटारीभोंवतीं कोणी आलें तर कॅमेरे तें टिपून ठेवतात. आतां कॅमेरे व त्यांमागील संगणक जागे ठेवावयाचे म्हणजे वीज हवी. दोन-अडीचशें वॉट धरले तर २४ तासांत सहा युनिटें होतात. साठ युनिटांच्या बॅटरीचा तो दहावा भाग. विमानतळावर मोटार ठेवून पांच दिवस बाहेरगांवीं गेलेल्या माणसाला परत आल्यावर निम्मी बॅटरी गेलेली दिसली, तर त्यांत चोर कोणी नाहीं. पहारेकऱ्यानेंच ती खाल्ली. बॅटरी २० टक्क्यांवर आली कीं हा पहारा आपोआप उठतो, एवढीच त्यांत दया. मोटार आंतून फार तापूं नये म्हणून उन्हांत आपोआप चालणारा पंखा अथवा शीतयंत्र हाही असाच एक नोकर.

तिसरें कारण मापांतील फरक. पडद्यावरील टक्के कोणी रांजणांत काठी बुडवून मोजलेले नसतात; तो संगणकाचा अंदाज असतो. मोटार तापलेली असतांना त्याचा अंदाज एक, ती निवाल्यावर दुसरा. नेक्सॉनसारख्या मोटारींतील लोह-फॉस्फेट जातीच्या बॅटरीचा दाब तर मधल्या टप्प्यांत जवळजवळ सारखाच राहतो. साठ टक्के आणि चाळीस टक्के यांचा भेद नुसत्या दाबावरून ओळखणें कठीण. संगणक आंत आलेल्या व बाहेर गेलेल्या विजेची बेरीज-वजाबाकी करीत बसतो, आणि अशा हिशेबांत थोडथोडी चूक सांठत जाते. म्हणूनच अशा जातीची बॅटरी मधून मधून शंभर टक्क्यांपर्यंत भरावी असें कारखानदार सांगतात. त्यामुळें हिशेबाची वही पुन्हां जुळते. तात्पर्य, सकाळीं दिसणारी एक-दोन टक्क्यांची घट ही नेहमींच खरी असते असें नाहीं.

जुन्या मोटारी झोंपत असत

विजेची मोटार ही वस्तु आजची नव्हे. अमेरिकेंत १९०७ ते १९३९ पर्यंत डेट्रॉइट इलेक्ट्रिक या नांवाच्या मोटारी होत असत, आणि पेट्रोलच्या मोटारी लाखांनीं काढणाऱ्या हेन्री फोर्ड यांच्या पत्नी क्लारा फोर्ड स्वतः ही विजेची मोटार वापरीत. हँडल मारावें लागत नसे, धूर नसे, आवाज नसे. आपल्याकडेही २००१ सालीं बंगळुरास रेवा ही चिमुकली मोटार निघाली. तिच्या बॅटऱ्या शिशाच्या होत्या.

क्लाराबाईंची ती मोटार बंद केली म्हणजे खरोखरीच बंद होई. तिच्यांत संगणक नव्हता, मोबाईलचा हुकूम ऐकावयाचा नव्हता, किल्लीची चाहूल घ्यावयाची नव्हती. बॅटरीचा स्वाभाविक पाझर होता, तेवढाच. आजची बॅटरी तिच्यापेक्षां कितीतरी उत्तम, पाझर कितीतरी कमी, आणि तरीही उभी मोटार वीज खाते, याचें कारण बॅटरींत नसून आपल्या अपेक्षांत आहे. मोटारीनें आपल्याला दुरून ओळखावें, सातासमुद्रांपलीकडून विचारल्यास उत्तर द्यावें, दारीं कोण आलें तें टिपून ठेवावें, असें आपण म्हणतों. जागत्या नोकराला जेवूं घालावें लागतें, यांत अन्याय तो कोणता?

एका घरांतील प्रसंग

हें सर्व केवळ युनिटांचें गणित असतें तर आम्हीं वाचकांचा एवढा वेळ घेतला नसता. परंतु पुण्यांतील आमच्या परिचयाच्या एका मोठ्या कुटुंबांत घडलेली हकीकत ऐकल्यापासून या विषयाचें महत्त्व आम्हांस अधिक वाटूं लागलें. मोटार कोणत्या कंपनीची हें सांगण्याचें प्रयोजन नाहीं. दोष मोटारीचा नव्हताच.

हें कुटुंब मे महिन्यांत तीन आठवडे कोंकणांत गेलें होतें. विजेची मोटार इमारतीच्या तळमजल्यावर उभी होती. परत आल्याच्या दुसऱ्याच रात्रीं घरांतील वडील बाईंना, ज्यांना सर्व घर काकू म्हणतें त्यांना, दम लागूं लागला. थोरला मुलगा किल्ली घेऊन खालीं धांवला. मोबाईलवर चौसष्ट टक्के दिसत होते; मोटारीचें दार मात्र उघडेना. किल्लीचें बटण दाबलें, पुन्हां दाबलें. दिवा नाहीं, आवाज नाहीं.

"अण्णा, चौसष्ट टक्के आहेत हो, पण गाडी कांहीं ऐकत नाहीं!" मुलानें वर येऊन सांगितलें.

"टक्के राहूं दे. रिक्षा बघ आधीं," अण्णा म्हणाले.

शेजारच्यांनीं आपली मोटार काढली आणि काकू वेळेवर इस्पितळांत पोहोंचल्या. त्या आतां बऱ्या आहेत. परंतु त्या रात्रींचीं वीस मिनिटें त्या घरांतील कोणी विसरणार नाहीं.

मागाहून शोध केला तेव्हां सारें उघड झालें. ती चौसष्ट टक्क्यांची खूण सोळा दिवसांपूर्वींची होती; मोबाईल शेवटचा मिळालेला आंकडा दाखवीत राहिला होता. धाकट्या मुलानें बाजारांतून एक कॅमेरा आणून पुढील काचेला बसविला होता, आणि त्याची तार धाकट्या बॅटरीला थेट जोडली होती. कॅमेरा जेमतेम पांच वॉटांचा. परंतु बारा व्होल्टांवर पांच वॉट म्हणजे सुमारें चार-दशांश अँपिअर. दिवसाचे दहा अँपिअर-तास. पंचेचाळीस अँपिअर-तासांची बॅटरी साडेचार दिवसांत कोरडी! दाब उतरला असतां आपोआप बंद होण्याची सोय त्या कॅमेऱ्यांत नव्हती. आणि त्या मोटारींत धाकटी बॅटरी थोरलीकडून भरून घेण्याचें काम मोटार चालण्यास सज्ज असतांनाच होत असे. भरींत भर म्हणून अमेरिकेंतील नातू आजी-आजोबांच्या मोटारीची खुशाली प्रेमानें रोज दोन-तीनदां मोबाईलवर पाहत असे. त्याच्या प्रत्येक विचारपुशीला मोटार झोंपेंतून उठून उत्तर देई. पांचव्या दिवसापासून उत्तर येईनासें झालें, तेव्हां तळमजल्यावर लहरी पोहोंचत नसतील असें त्याला वाटलें.

पुढें दोन दिवस त्या घरांत "हा धोंडा विकून टाका" येथपर्यंत बोलणें गेलें. धाकट्याच्या मनाला फार लागलें होतें. तो कोणाशींच बोलेना. अण्णा पाटबंधारे खात्यांतून निवृत्त झालेले इंजिनियर, वय एक्याऐंशी. त्यांनीं मोटारीची पुस्तिका मागवून घेतली आणि ती दोन दिवस वाचली. मग सर्वांना एकत्र बसवून ते म्हणाले, "आपल्या गांवच्या घरीं विहिरीचें पाणी कोणी काढावयाचें, गोठा कोणी पाहावयाचा, हें ठरलेलें असे. ही गाडी आपण पांच माणसें चालवितों. तिच्याकडे पाहावयाचें कोणाकडे आहे?" कोणीच उत्तर दिलें नाहीं. तेव्हां थोरल्या सूनबाई म्हणाल्या, "अण्णा, रविवारची पाळी माझ्याकडे असूं द्या." तेव्हांपासून भिंतीवरील दिनदर्शिकेंत प्रत्येक रविवारीं एक लहानसा आंकडा लिहिलेला असतो. मोटार अजून त्या घरीं आहे. आणि कॅमेराही आहे, मात्र तो आतां योग्य जोडणीनें बसविलेला.

एकत्र कुटुंबाचे फायदे आम्ही या पानांतून अनेकदां सांगितले आहेत. त्यांतला हा एक दोषही मोकळेपणानें सांगितला पाहिजे. जें सर्वांचें तें कोणाचेंच नाहीं, असें आपल्या घरांत फार लौकर होतें.

ऊन आणि थंडी

उभ्या मोटारीच्या बॅटरीचा खरा शत्रु रोजचा तो एखादा टक्का नव्हे. उष्णता हा होय. बॅटरी काठोकाठ भरलेली आणि तीच मोटार वैशाखाच्या उन्हांत, असा योग आठवडेच्या आठवडे आला तर तिचें आयुष्य कमी होतें. उतरलेला टक्का पुन्हां भरतां येतो. उतरलेलें आयुष्य भरतां येत नाहीं. आमच्या विदर्भांतील वाचकांनीं, जेथें पारा ४५ अंशांपलीकडे जातो तेथें, हें विशेष ध्यानांत ठेवावें. मोटार सांवलींत ठेवणें ही चैन नसून काटकसर आहे.

दुसरें टोंक म्हणजे बॅटरी अगदीं रिकामी सोडणें. २०१२ सालीं अमेरिकेंत टेस्लाच्या रोडस्टर नांवाच्या जुन्या मोटारींची बरीच चर्चा झाली. कांहीं मालकांनीं त्या आठवडेच्या आठवडे न जोडतां ठेविल्या, बॅटरी पूर्ण निकामी झाली, आणि ती बदलण्यावांचून गत्यंतर उरलें नाहीं. निस्सान कंपनीही आपल्या लीफ मोटारीच्या पुस्तिकेंत, बॅटरी शून्याजवळ असतां मोटार चौदा दिवसांहून अधिक ठेवूं नये, असें बजावते. भरलेला रांजण पाझरला तर पाणी जातें. कोरडा रांजण उन्हांत ठेवला तर रांजणच तडकतो.

ज्यांचीं मुलेंबाळें कॅनडांत किंवा उत्तर युरोपांत आहेत त्यांस उलट तक्रार ऐकूं येईल. रात्रभर बर्फांत उभी राहिलेली मोटार सकाळीं पुष्कळ कमी टक्के दाखविते. यांतील कांहीं भाग खरा खर्च असतो, कारण बॅटरी ऊबदार राखण्यास वीज लागते; परंतु कांहीं भाग केवळ थंडीनें गोठल्यासारखा झालेला असतो. नारळाचें तेल थंडींत थिजतें आणि बाटली उलटी केली तरी पडत नाहीं. तें नाहींसें झालेलें नसतें. बॅटरी तापली कीं ती वीज परत हातीं येते. नॉर्वे देशांत २०२४ सालीं विकलेल्या दर दहा नव्या मोटारींपैकीं जवळजवळ नऊ विजेच्या होत्या, यावरून थंडी ही या वाहनाला असाध्य अडचण नव्हे हें स्पष्ट आहे. तिकडील लोक मोटार रात्रीं जोडून ठेवितात. मग ऊब भिंतीच्या विजेवर मिळते, बॅटरीच्या नव्हे.

काय करावें?

आतां व्यवहाराच्या चार गोष्टी सांगून लेख आटोपता घेतों. प्रत्येक मोटारीची पुस्तिका हाच अखेरचा आधार. पण बहुतेक मोटारींना लागू पडेल असें पुढें दिलें आहे.

एक-दोन आठवड्यांहून अधिक बाहेर जावयाचें असेल तर थोरली बॅटरी निम्म्याच्या आसपास ठेवावी. काठोकाठ भरूं नये आणि वीस टक्क्यांखालीं तर मुळींच सोडूं नये. जोडून ठेवण्याची सोय असेल व पुस्तिका तसें सांगत असेल, तर भरण्याची मर्यादा ठरवून जोडून ठेवावें. पुष्कळ इमारतींच्या तळमजल्यावर अशी सोय अद्याप नाहीं. तेथें निम्मी बॅटरी महिनाभर सहज टिकते.

निघण्यापूर्वीं पहारा, शीतयंत्राची आपोआप चालण्याची सोय, ठराविक वेळीं मोटार गार करण्याचे हुकूम, हें सर्व बंद करावें. बाहेरून बसविलेलीं यंत्रें, मग तो कॅमेरा असो कीं मोटारीचा ठाव सांगणारी डबी असो, काढून ठेवावीं, अथवा दाब उतरतांच बंद होतील अशा जोडणीनेंच बसवून घ्यावीं. मोबाईलवरून मोटारीची विचारपूस आठवड्यांतून एकदां पुरे. आणि पडद्यावर टक्क्यांबरोबर वेळ कोणती दिसते तेंही पाहावें.

बंगल्यांत राहणाऱ्यांची एक संवय बदलण्यासारखी आहे. मोटार ओसरीसमोर आणि किल्ली दाराआडच्या खुंटीला, अशी मांडणी असेल तर कांहीं मोटारी किल्लीच्या सान्निध्यानें वारंवार जाग्या होतात. किल्ली आंतल्या खोलींतील फडताळांत ठेवावी.

मोटार फारशी बाहेर निघत नसेल तर आठवड्यांतून एकदां ती चालण्यास सज्ज अशा स्थितींत अर्धा तास ठेवावी, अथवा एक फेरी मारून आणावी, म्हणजे धाकटी बॅटरी थोरलीकडून भरून निघते. येथें एक सावधगिरी हवी. नुसता पडदा व गाणीं चालूं करून बसणें म्हणजे सज्ज स्थिति नव्हे. पुष्कळ मोटारींत त्यानें धाकटी बॅटरी भरण्याऐवजीं रिकामी होते. सुटींत मुलें मोटारींत गाणीं ऐकत बसतात तेथें हें अवश्य सांगावें.

शिशाची धाकटी बॅटरी ही कांहीं जन्मभराची नव्हे. तीन-चार वर्षें झालीं कीं दरवर्षीं ती तपासून घ्यावी, आणि थकली असेल तर ती बंद पडण्याची वाट न पाहतां बदलावी. मार्च २०२० मध्यें देशभर टाळेबंदी झाली तेव्हां महिनेच्या महिने उभ्या राहिलेल्या पेट्रोलच्या असंख्य मोटारी याच बॅटरीपायीं सुरू होईनात, हें पुष्कळांस आठवत असेल. तेव्हां हा दोष केवळ विजेच्या मोटारींचा असें समजणें बरोबर नाहीं.

घरांतील मोटार चालविणाऱ्या प्रत्येकानें दोन गोष्टी दिवसाउजेडीं एकदां करून पाहाव्यात. किल्लीच्या पोटांत लपविलेली साधी धातूची किल्ली काढून तिनें दार उघडावें. आणि धाकटी बॅटरी मेली असतां बाहेरून वीज कोठें द्यावयाची ती जागा पुस्तिकेंत पाहून ठेवावी. नारिंगी रंगाच्या जाड तारा थोरल्या बॅटरीच्या. त्यांना हात लावूं नये. आपल्या मोटारीवरून दुसऱ्याची बंद मोटार सुरू करून देण्याचा परोपकारही पुस्तिकेची परवानगी असल्याखेरीज करूं नये.

आणि ज्यांच्या मनांत "आमचीच मोटार जास्त खाते" असा संशय असेल त्यांनीं तो वहीनें फेडावा. मोटार निवाल्यावर रात्रीं दहा वाजतां टक्के लिहावेत. तीन दिवस मोटारीला व मोबाईलला हात लावूं नये. चौथ्या रात्रीं त्याच वेळीं पुन्हां लिहावेत. तीन दिवसांत तीन टक्क्यांपर्यंत घट आली तर निश्चिंत असावें. अधिक आली तर एक एक सोय बंद करून पुन्हां मोजावें. दोन-चार प्रयोगांत दोषी कोण तें हातीं लागतें. एवढें करूनही लागलें नाहीं, तर ती वही घेऊनच दुरुस्तीच्या दुकानांत जावें. नुसत्या तक्रारीपेक्षां लिहिलेले आंकडे कारागिराच्या उपयोगी पडतात.

विजेच्या मोटारीला आपण घरांत घेतलें आहे. तिच्या रीती समजून घेतल्या पाहिजेत. तिची उभी असतांनाची भूक थोडी आहे, मोजतां येण्यासारखी आहे, आणि बहुतांशीं आपल्याच हातांत आहे. घरांतील कोणा एकाकडे तिची पाळी सोंपवावी, आठवड्यांतून एकदां तिच्याकडे पाहावें, म्हणजे अवेळीं हांक मारली असतां ती ओ देईल.